विट्याच्या स्नेहलताचे तास

जपानात ग्योतोकुतला बेंतोचा, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांचा, कारखाना मार्चअखेर बंद पडला. भाताचे डबे भरणाऱ्या अकरा बायकांना मालकानं ओळीनं उभं केलं, कमरेत वाकून माफी मागितली, पगाराचं शेवटचं पाकीट हातात दिलं आणि शटर ओढलं. त्या अकरांतली एक स्नेहलता. माहेर विटं, वय त्रेचाळीस. नवरा लक्ष्मीकांत मुंबईच्या कंपनीकडून इथं आलेला, आणि व्हिसावर हिची ओळख ‘कुटुंबीय’ एवढीच.

तिच्या मनात एकच होतं. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकवणारा पाच महिन्यांचा वर्ग करायचा. लक्ष्मीकांतच्या पगारात घरभाडं, मुलीची म्हणजे पूर्वीची शाळा आणि गावाकडच्या कर्जाचे हप्ते कसेबसे बसत. बेकारी भत्ता मिळाला तर वर्ग, नाहीतर दुसरा एखादा डब्यांचा कारखाना.

पण ज्यातून हा भत्ता मिळतो त्या रोजगार विम्यात मालकानं तिचं नावच घातलं नव्हतं. “पार्टटाइमवाल्यांना तो नसतो,” असं तो सांगायचा आणि सगळ्याजणी माना डोलवायच्या.

ती हॅलो वर्कमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत गेली. तिथले अधिकारी कुवाबारा-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’) साठीच्या पुढचे, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. ते म्हणाले, “आठवड्याला वीस तास भरत असतील तर मालकानं नोंद करायलाच हवी होती. मागची दोन वर्षं अजूनही भरून काढता येतील. मात्र तास भरल्याचं काहीतरी दाखवावं लागेल.”

दाखवणार काय? पगार रोख. कारखान्यातली हजेरीची कार्डं मालकानं शटर ओढायच्या आधीच फेकलेली. पगाराच्या पाकिटातल्या चिठ्ठ्या हिनं रद्दी उचलायच्या वारी नीट सुतळीनं बांधून दिलेल्या.

“कचऱ्याचे नियम पाळत बसले नि माझाच कागद घालवला बगा,” घरी आल्यावर ती म्हणाली. आणि बोलता बोलता तिची नजर फ्रिजशेजारच्या मराठी कॅलेंडरवर गेली.

कुटुंबीय व्हिसावरच्या माणसाला आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या वर काम करता येत नाही. त्याची तिला पहिल्या दिवसापासून धास्ती. म्हणून विट्यात तिची आई कॅलेंडरावर तारखेच्या ज्या चौकटीत दुधाचं माप लिहायची, त्याच चौकटीत ही रोजचे तास लिहायची आणि रविवारी बेरीज मांडायची. यंदाचं कॅलेंडर भिंतीवर होतं. मागच्या दोन वर्षांची पानं फळीवरच्या डब्यांखाली अंथरलेली. तिनं डबे उतरवले. पानांवर तेलाची वर्तुळं उमटली होती, एकाला हळद लागली होती.

“अगं, हे घेऊन सरकारी ऑफिसात जाणार?” लक्ष्मीकांत म्हणाला. “थांब, मी एक्सेलमध्ये नीट करून देतो.”

“तुमचं एक्सेल ऱ्हाऊ द्या. ते आज केलेलं दिसंल. हे त्या त्या दिवशी लिवलंय.”

लेक पूर्वी जपानीतच पुटपुटली, “आई, लाज वाटते.”

कुवाबारा-सानांना लाज वाटली नाही. त्यांनी चष्मा पुसला, पानं महिन्यावार लावली आणि बोट ठेवून विचारलं, “हे काय?”

“चार.”

“आणि त्याच्यापुढच्या दोन उभ्या रेघा?”

“अर्धा. साडेचार तास. एक रेघ असली की पाव, तीन म्हणजे पाऊण. आमच्या आण्णांची पेंडीची वखार होती. तिथं असंच लिवायचे.”

त्यांनी एका चिठ्ठीवर एक ते नऊ आकडे तिच्याकडून काढून घेतले आणि रेघांच्या खुणाही. चौथ्या पानापासून ते स्वतःच वाचायला लागले. नोव्हेंबरात अडले.

“हा दिवस लाल छापलाय. तरी काम?”

“ती दिवाळी तिकडची. हितं कामाचाच वार.”

त्यांनी मान हलवली आणि पाच लिहिले. दोन वर्षं, दिवसामागून दिवस, दुपार उलटेपर्यंत. मध्ये एकदा उठले ते फक्त पाणी प्यायला. स्नेहलता बघत राहिली. तिच्या हातचं इतकं मन लावून आजवर घरातल्या कुणीही वाचलं नव्हतं.

मग त्यांनी तिच्यासमोरच मालकाला फोन लावला. दोघांचं बोलणं झालं. कुवाबारा-सानांनी फोन ठेवला आणि सांगितलं, “ते म्हणतात, कार्डं नाहीत. पण स्नेहलता-सानांनी लिहिलं असेल तर तेच बरोबर. विम्यातला मालकाचा वाटाही ते भरतील.”

मे महिन्यात पत्र आलं. विमाधारक कामगार, दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलपासून. लक्ष्मीकांतनं मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, “अहो, परत वाचा.” त्यानं परत वाचलं.

भत्त्यासाठी पहिल्यांदा कचेरीत गेली तेव्हा तिनं विचारून टाकलं, “आमच्या घरच्या कागदावर तुमचा इश्वास कसा बसला?”

कुवाबारा-सान म्हणाले, “दोन-तीन आठवडे तुम्ही साडेअठराच लिहिलेत. मुलीला ताप होता म्हणालात. पुरावा म्हणून लिहिणाऱ्यानं ते वीस केले असते.”

 ती वाकली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. बाहेर आल्यावर हातातलं पत्र पिशवीत नीट सरळ ठेवलं आणि वर्गात नाव घालायला स्टेशनकडे चालू लागली.