डोळे मिटलेला फोटो

रचना तांबे दिवेआगरची. वडील अजित ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर, आई जयमाला अंगणवाडी सेविका. २०२०च्या वादळात गावातल्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा रचना अकरा वर्षांची होती. गावातल्या मार्तंडकाकांच्या वाडीत पडलेली झाडं तोडायला अजित महिनाभर जात होता, आणि शाळा बंद म्हणून रचनाही त्याच्यामागे जायची. तिथे काकांच्या मुलीशी, अनुयाशी तिची गट्टी जमली. दोघी पडवीत बसून एकाच मोबाइलवर शाळेचे तास बघत. मोबाइल अनुयाचा. शाळा उघडल्यावर दोघी एका बाकावर बसल्या, त्या नववीपर्यंत.

आठवीत दोघींनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. नववी सुरू झाली आणि यादी लागली. रचनाचं नाव होतं, अनुयाचं नव्हतं. रचनाला अनुयापेक्षा अकरा गुण जास्त होते, पण यादीत नावापुढे प्रवर्गाचा रकाना होता. वर्गाने तेवढाच वाचला.

त्याच आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्टिकर आलं. या ग्रुपमध्ये शिक्षक नव्हते. रचनाचा चेहरा, डोळे मिटलेले, हात जोडलेले. खाली अक्षरं: ‘फुकट मिळू दे’. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना आईने काढलेला तो फोटो होता. रचनाने तो फक्त अनुयाला पाठवला होता.

ती स्टिकरकडे बघत बसली. खाली हसणारे चेहरे येत होते. मग तिनेही एक हसणारा चेहरा टाकला, मोबाइल चार्जिंगला लावला आणि आईने वाढलेलं सगळं जेवली. रडू येईल असं तिला वाटत होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर अनुया म्हणाली, “चिडलीस नाही ना? सगळे गंमत करतात गं.”

“न्हाय,” रचना म्हणाली आणि तिच्याकडे पट्टी मागितली. अनुयाने दिली.

स्टिकर वर्गाबाहेर गेलं. ज्यांना रचना माहीतच नव्हती, तेही ते वापरू लागले. पावसाळा संपता संपता पाणीपुरवठ्याच्या ग्रुपवर कुणीतरी नव्या नळजोडणीच्या बातमीखाली ते टाकलं, आणि अजितने मोबाइल जयमालापुढे धरला.

“हे कोणी केलं?” जयमालाने विचारलं.

“माहीत न्हाय.”

“फोटो मी काढला होता. कुणाला दिलास?”

रचना वहीत समास आखत होती. तिने पुढची रेघ ओढली. “आई, जाऊ दे. मला काय झालंय?”

खरंच काही झालेलं दिसत नव्हतं. ती मिनिडोर रिक्षाने वेळेवर शाळेत जाई, गृहपाठ पुरा करी. फक्त कुणी फोटो काढायला लागलं की भिंतीकडे तोंड करी, आणि विहारात वंदनेला डोळे उघडे ठेवी.

दिवाळीनंतर ग्रुपवर नवं स्टिकर आलं. या वेळी चेहरा मुबशिराचा होता. मुबशिरा म्हसळ्याहून येणारी, रुमाल बांधणारी, पुढच्या बाकावरची मुलगी. खाली लिहिलं होतं: ‘हिच्या दप्तरात काय?’ दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुलांनी हसत हसत तिचं दप्तर उलटं केलं. डबा, कंपास, विज्ञानाचं पुस्तक. मुबशिरा खाली बसून एकेक वस्तू भरत होती.

रचना उठली. शिक्षकखोलीत गेली आणि वर्गशिक्षिका सरोजिनी मॅडमना म्हणाली, “मॅडम, मला तक्रार लिहायचीय. कागद द्या.”

मॅडमनी वाचलं. “दोन्ही स्टिकरं अनुयानं केली, असं लिहिलंयस. खात्री आहे?”

“माझं तिनेच केलं. फोटो तिच्याचकडे होता. मुबशिराचं तिने ग्रुपवर पहिलं टाकलं.”

“पाच महिने बोलली का नाहीस गं?”

“काय बोलायचं ते कळलं न्हाय.”

मुख्याध्यापकांनी सगळ्यांच्या पालकांना बोलावलं. मार्तंडकाका खाली बघून बसले होते. अजित उभाच राहिला. अनुया हुंदके देत म्हणाली, “मी चुकले. मला नंबर मिळाला नाही म्हणून राग आला होता. नंतर सगळे हसले, मग करत गेले.” रचनाने ते नीट ऐकून घेतलं. अनुयाचं नाक लाल झालं होतं. हिच्याजवळ रुमाल नसेल, एवढंच रचनाच्या मनात आलं.

दप्तर उलटं करणाऱ्या मुलांना आणि अनुयाला समज दिली गेली. ग्रुप बंद झाला. चार दिवसांत दुसरा निघाला, त्यात रचना आणि मुबशिरा नव्हत्या. मुबशिराच्या अब्बांनी वर्ष संपल्यावर तिला म्हसळ्याच्या शाळेत घातलं.

“बरं वाटलं का सांगून?” घरी जयमालाने विचारलं होतं.

“न्हाय. वाईट पण न्हाय वाटलं.”

दहावीला रचना बाकावर एकटीच बसली, आणि पासही झाली. आता ती माणगावला मावशीकडे राहून अकरावी सायन्स करते. मुबशिरा अधूनमधून फोन करते. परवा ती म्हणाली, “तू आत गेलीस ना तक्रार द्यायला, मी दारातून बघत होते. तुला भीती नाही वाटली?”

रचनाने आठवून पाहिलं. मॅडमच्या टेबलावरचा अर्धा चहा, एका बाजूला फाटलेला कागद, पेनाचं निळं टोपण, सगळं आठवलं. भीती आठवेना. रागही आठवेना.

“माहीत न्हाय गं,” ती म्हणाली. मग विचारलं, “तुमचं केमिस्ट्री कुठपर्यंत आलंय?”