मांडवातला गूळ

लेकीच्या लग्नाच्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोलले. लोकांच्या तोंडाला भिऊन बोलले, दुसरं काही कारण नव्हतं.

इन्सुलिन सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या साखरेची माझ्यापेक्षा शेजारणींनाच जास्त माहिती. एक कारल्याचा रस सुचवायची, दुसरी माझ्या ताटातल्या भाताकडे बघून नुसतंच "हं" म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे, पण आतून जळफळाट व्हायचा.

लग्नाच्या सकाळी कार्यालयात सवयीप्रमाणे इंजेक्शन घेतलं आणि उपम्याची बशी उचलली. समोर थोरल्या नणंदबाई गजरे वाटत होत्या.

"कन्यादानाच्या आधीच खाताय? आमच्या आईनं तिघींची कन्यादानं उपाशीपोटी केली. असो, तुमचं दुखणं मोठं."

औषध चालू असेल तर खुशाल खा, असं गुरुजींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी मी बशी खाली ठेवली. मेला हा स्वभाव! थोड्या वेळानं लेकीनं विचारलं, आई, खाल्लंस ना? मी हो म्हटलं.

मंगलाष्टकं आटोपून कन्यादानाला बसलो, तेव्हा इंजेक्शनावर पोटात काहीच नसल्यानं साखर उतरून अंगाला दरदरून घाम सुटला होता. नवरानवरीच्या हातांवर मी झारीनं पाण्याची धार धरायची होती. धार पाटावरच पडायला लागली. आईला भरून आलंय, असं कुणीतरी हळहळलं. लेकीनं मात्र माझ्याकडे एकदाच बघितलं आणि गुरुजींच्या ताटातला गूळ-जिऱ्याचा खडा उचलून माझ्या तोंडात घातला. गुरुजी मंत्र थांबवून पाणी मागायला लागले.

मागून नणंदबाईंचा आवाज आला, "शुगर आहे म्हणतात, आणि मांडवात गूळ खातात."

मला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली, आणि ती लेकीच्या नजरेची. आणखी थोडा गूळ, मग सरबत पोटात गेलं, हात स्थिर झाला आणि कन्यादान पार पडलं.

पाठवणीच्या वेळी सगळ्या रडत होत्या. लेक रडली नाही. गाडीत बसण्याआधी तिनं माझा हात घट्ट धरला.

"आई, उद्यापासून खाल्लंस का म्हणून विचारायला मी घरात नाही. आता खोटं कुणाला सांगशील?"

गाडी गेल्यावर मी सरळ शेवटच्या पंगतीत जाऊन बसले आणि सगळ्यांच्या देखत जेवले.