मॅनिफेस्टमधली राहिलेली ओळ

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटली.

जव्हारकडच्या वांगणीच्या अंगणवाडीताई दोन महिने सांगत होत्या, "'कुटुंब स्थलांतरित' दाबलं का अ‍ॅप बंद पडतं." यांना फोनच वापरता येत नाही, असं म्हणून त्यांच्या प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना नोटीस दिली.

अंगणवाडीच्या नोंदींचं ते अ‍ॅप मी बनवलंय. आज जव्हारला ताईंनी माझ्यासमोर बटण दाबलं आणि अ‍ॅप खरंच बंद पडलं. अ‍ॅपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये प्रत्येक स्क्रीनची नोंद करावी लागते, नाहीतर ती स्क्रीन उघडताना अ‍ॅप बंद पडतं. या बटणानं उघडणाऱ्या स्क्रीनची मी केलीच नव्हती. आमच्या ऑफिसात ते बटण कुणी दाबूनही पाहिलं नव्हतं.

मी ओळ टाकली, अ‍ॅप चाललं.

"मंग नोटीस मागं घेतील ना?" ताईंनी विचारलं.

साहेबांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय ना आता? मग विषय सोडा."

ताई अजून समोरच बसल्या होत्या. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?