आत्याच्या कांद्यावर मतदान

आत्याचा कांदा विकायचा की ठेवायचा, यावर मतदान झालं ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये. आत्या राहते चाकणच्या पलीकडे, खेडच्या अंगाला. मतदान मोबाइलवर होतं. मतदारांपैकी निम्म्यांनी ते ऑफिसच्या बसमध्ये, मानेखाली उशी घेऊन उरकलं असणार. निकाल आला: ठेवायचा. आत्याला मत नव्हतं.

हे सगळं कायदेशीर होतं, ते आधीच सांगून टाकते. करार मी वाचला होता आणि सही करायला मीच हो म्हटलं होतं. कारण दुसरं काय होतं? आत्याचे यजमान गेल्यापासून शेत तीच करते, पण सातबारा सामायिक. बँकेत पीककर्ज मागायला गेली की साहेब म्हणतात, सगळ्यांच्या सह्या आणा. धाकटा दीर सही देत नाही. तो कोणीतरी कारखानदार येईल आणि जमीन घेईल म्हणून रस्त्याकडे डोळे लावून बसलाय. शेतीला सरकार पैसा देतं, हे मी भाषणात ऐकलंय. आत्याच्या बांधापर्यंत तो कधी आला नाही.

आली ती ॲपवाली कंपनी. कंपनीचा एक मुलगा गळ्यात ओळखपत्र अडकवून ओट्यावर बसला आणि म्हणाला, हे कर्ज नाही, भागीदारी आहे. बियाणं, खत, मजुरी, कांदा साठवायला नवीन बराखी, सगळा खर्च शहरातले गुंतवणूकदार करणार. नफा निम्मा निम्मा, पण त्याआधी कंपनीचं कमिशन. तोटा झाला तर आत्याच्या डोक्यावर काही नाही. माझ्या संघटनेत मी चाकणच्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिते, सावकारी करार वासावरून ओळखते. याला तो वास नव्हता. फक्त एक कलम होतं: माल कधी विकायचा हे गुंतवणूकदारांच्या बहुमताने ठरेल. मला वाटलं, बहुमत म्हणजे चांगलंच की.

गुंतवणूकदार सगळे पिंपळे सौदागरच्या एकाच सोसायटीतले. रविवारी गाड्या घेऊन यायचे. मुलं वाफ्यातून धावायची आणि ‘आपला कांदा, आपला कांदा’ म्हणायची. आत्या पिठलं-भाकरी करायची, ते आग्रहाने पैसे द्यायचे. वाईट म्हणावं असा एकही माणूस नव्हता त्यांच्यात. लातूरकडचा एक इंजिनिअर तर काढणीला दिवसभर राबला, हाताला फोड आले तेव्हा खूश होऊन सगळ्यांना दाखवत फिरला. माझी पंचाईत इथेच सुरू झाली. मला शिकवलंय ते असं: पत्रकाच्या पहिल्या ओळीत दोषी कोण ते, दुसरीत मागणी, शेवटी हजर राहा. या माणसांना पहिल्या ओळीत बसवायचं कसं?

आत्याची कांदा विकायची रीत जुनी आहे. पावसाळा लागला की निम्मा विकायला काढायचा, निम्मा दिवाळीच्या तोंडापर्यंत ठेवायचा. "निम्मा पोटाला, निम्मा नशिबाला," ती म्हणते. भाव तिला कळतो असं मुळीच नाही. कित्येकदा ती फसलीय आणि तसं हसून सांगते. पण फसली तरी स्वतःच्या हाताने फसली.

ॲपवर बटणं दोनच होती. विका. थांबा. निम्म्याचं बटण नव्हतं.

मी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलली, सूचना नोंदवली म्हणाली. गुंतवणूकदारांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘होल्ड करा राव, भाव चढतोय.’ खाली अंगठ्यांची रांग. दोनदा मतदान झालं, दोनदा थांबा.

तेव्हा आत्याने शनिवारच्या बाजारासाठी सरळ टेम्पो सांगितला. टेम्पोवाले चाचा चाकणचेच, तिच्या लग्नापासून तिचा माल त्यांनीच बाजारात नेलाय. सकाळी टेम्पो बराखीला लागला, चार गोण्या चढल्या, आणि कंपनीचा तो मुलगा मोटारसायकलवरून आला. आवाज न चढवता त्याने सांगितलं की हा करारभंग होईल आणि मग तोट्याची हमी जाईल, झालेला खर्च आत्याला भरावा लागेल. मी त्याच्याशी भांडले. त्याने ऐकून घेतलं. त्याला पगार त्यासाठीच मिळत होता.

चाचांनी गोण्यांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "भाभी, माल तुमचा का त्यांचा? एक काय ते ठरवा, न्हाईतर मी दुसरं भाडं घेतो."

आत्याने स्वतः गोण्या उतरवायला घेतल्या. चाचांनी भाडं घेतलं नाही, आणि जाताना त्या मुलाच्या मोटारसायकलला वाटही दिली नाही.

त्याच आठवड्यात मी सोसायटीत गेले. क्लबहाउसमध्ये पार्किंगवरची मीटिंग चालू होती. ती संपल्यावर मला बोलायला दिलं, बिस्किटंही दिली. मी आत्याची निम्म्याची रीत सांगितली, बटणाचं सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी. मग लातूरचा इंजिनिअर उठला.

"ताई, माझा बाप पण शेतकरीच होता. घाईघाईत विकून मातीमोल करायचा. ती चूक आम्ही तुमच्या आत्याच्या बाबतीत होऊ देणार नाही. तिच्याच भल्यासाठी थांबलोय."

"तिला विचारलंत का?" मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? डेटा आहे ना आपल्याकडे."

लोक हसले. चांगल्या मनाने हसले, म्हणून जास्त लागलं. कोणाच्या तरी अंगावर ओरडून मोकळं व्हावं तर समोर बिस्किटांची बशी.

पाऊस लागून राहिला. बराखीत दमट हवा भरली. आत्या रोज बसून सडका कांदा वेचायची, मी सुट्टीच्या दिवशी जायचे. नाकातला वास आंघोळीने जात नव्हता. मोड आलेले वेगळे, काजळी धरलेले वेगळे, पाणी सुटलेले उकिरड्यावर. दर खेपेला मी म्हणायचे, बघ, मी म्हणत होते ना. आत्या म्हणायची, हात चालव.

आणि मग भाव चढला. चांगला चढला. सोसायटीने विका म्हटलं, चाचांचा टेम्पो आला, उरला तो कांदा गेला. सडलेला वजा केला, कमिशन वजा केलं, तरी आत्याच्या वाट्याला तिच्या रीतीने आला असता त्याहून थोडा जास्तच पैसा आला. ग्रुपवर टाळ्या. संघटनेतल्या माझ्या सोबत्याला सगळं सांगितलं, तर तो चहा ढवळत म्हणाला, "मग तक्रार कशाची आहे, भावा? जिंकली ना आत्या?" तो मलाही भावाच म्हणतो. त्याला मी काय सांगणार? फायदा झालेल्या बाईवर अन्याय झाला, असं पत्रक आजवर कोणी छापलंय? मी चार वेळा लिहायला बसले. चारही वेळा पहिल्या ओळीच्या पुढे गेले नाही.

पुढच्या हंगामाचा करार घेऊन कंपनीचा मुलगा आला, तेव्हा मी ओट्यावरच होते. आत्याने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, यंदा कांदा नको, मेथी करायची.

तो गोंधळला. मेथी यादीत नाही म्हणाला. महिन्याभरात येणार, पहाटे उपटली की त्याच सकाळी विकायची. गुंतवणूकदारांनी मत द्यायचं कधी?

"म्हनून तर मेथी," आत्या म्हणाली.

त्याने वर विचारून बघतो म्हटलं. वरून नाही आलं. आता कांद्याच्या रोपाला, मजुरीला लागणारा पैसा नाही. बँकेच्या सह्या जिथल्या तिथे. मी आत्याला म्हटलं, हार कशाला मानतेस, कलमच बदलायला लावू, तुझ्यासारखे अजून शेतकरी गाठू, कंपनीच्या दारात बसू.

"व्हय, बसू की. मानसं जमूस्तवर मेथी फुलावर यील. तू जमव. मला न्हाई येळ."

तिने घरच्या पैशात झेपेल तेवढ्याच रानात मेथी टाकली. बाकीचं रान पडीक. धाकटा दीर खुशीत आहे, पडीक दिसलं की गिऱ्हाइकाला दाखवायला बरं पडतं. कालपरवा दोन पांढऱ्या गाड्या बांधाशी थांबल्या होत्या. आत्या त्यांच्याकडे पाठ करून खुरपत राहिली. मला राग आला तो त्या गाड्यांचा, दिराचा, बँकेचा, बटणं करणाऱ्याचा आणि आत्याचाही. आपल्या पिकावर आपला शब्द चालावा म्हणून बाईला आपलंच रान पडीक टाकावं लागतं, आणि यात दोषी म्हणून बोट दाखवायला एकही माणूस सापडत नाही.

मेथीच्या पहिल्या काढणीला मी गेले होते. अंधारातच जुड्या बांधल्या, चाचांच्या टेम्पोत मागे बसून चाकणच्या बाजारात उतरलो. आवक मोठी होती. मेथीचे ढीग रस्त्यापर्यंत आलेले. आडत्याने शेकडा जुड्यांचा भाव पुकारला, तो पार पडलेला. मी आत्याला म्हटलं, थांब जरा, पुढच्या गाळ्यावर विचारून येते.

"घे, त्याच भावानं," आत्या आडत्याला म्हणाली, आणि पाटी पालथी केली.