यंत्र एकदा तरी बोलू दे!

जुने सहकारी भेटले की कामाचं कुणीच बोलत नाही, सगळे एकमेकांच्या फजित्या काढतात. पन्नास सालानंतरची गोष्ट. साहेब, ड्रायव्हर इसाकभाई आणि मी, असे तिघं चिंचवड ते चाकण गावोगावची वरची माती तपासत हिंडत होतो. मातीत युरेनियम, थोरियम असलं की आमचं किरणोत्सर्ग मोजायचं सरकारी यंत्र टिकटिक करणार! पण इकडचा काळा दगडच अळणी. यंत्र जांभई दिल्यासारखं एखादं टिक करी आणि पुन्हा झोपे. त्यामुळे काम कमी आणि किस्से फार!

*

निगडीला एका घरामागची जागा आदल्या दिवशी आखून ठेवली. सकाळी जाऊन बघतो तर तिथं शेणानं लख्ख सारवून वर रांगोळी!

"मावशी, आम्हाला वरची माती हवी होती हो!" साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अवं, सायेबलोक येनार, मंग घाण माती द्यायची व्हय?" मावशी उलट आमच्यावरच चिडल्या.

*

माण गावात एका घरी मातीच्या पिशव्या ओट्यावर ठेवून जेवायला बसलो. हात धुवून येतो तर सात नंबरची पिशवी रिकामी आणि घरधनीण त्या मातीनं भांडी घासतेय. "लय झाक माती हाय. आजून आना की!"

साहेबांनी वहीत इमानदारीत लिहिलं, 'नमुना सात : भांड्यांसाठी उत्तम.'

*

एकदा मात्र यंत्र बोललं! चाकणला, इसाकभाईच्या भावाच्या दुकानामागं. हा भाऊ लग्नकार्याला पेट्रोमॅक्स बत्त्या भाड्यानं देई. यंत्राचा नुसता कडकडाट! साहेब नाचायचेच बाकी. वरिष्ठांना पाठवायची तार लिहून झाली.

तेवढ्यात मागचं दार उघडून भावानं फुटक्या मँटलांची, म्हणजे बत्तीतल्या जाळ्यांची, राख आमच्या पायाशी झटकली. "रोज इथंच टाकतो, साहेब!"

मँटलमध्ये थोरियम असतं हे साहेबांना तेव्हा आठवलं. त्यांनी तार फाडली.

*

माझा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. चऱ्होलीच्या तात्यांची मुलगी मला सांगून आली होती. आळंदीच्या बाजारात मी तिला एकदा पाहिलं होतं आणि तिथंच खलास झालो होतो! पण तात्यांची अट होती. "यंतर न्हाई बोललं तर सरकार तुमाला घरी धाडनार. मंग पोरगी कशी द्यायची? यंतर घिऊन या. माझ्या म्होरं बोलू द्या."

बघायच्या कार्यक्रमाला आम्ही यंत्रासकट गेलो. साहेबांनी अंगण तपासलं, परसू तपासलं, गोठासुद्धा सोडला नाही. यंत्र ढिम्म! तात्यांचा चेहरा उतरत चालला. माझा तर कधीच उतरला होता.

दिवेलागण झाली. "बत्ती आणतो," म्हणून इसाकभाई गाडीकडे गेला.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन ओसरीवर आली. तिच्या मागोमाग इसाकभाई आला आणि पेट्रोमॅक्स त्यानं अगदी यंत्राला खेटून ठेवली.

टिकटिकटिकटिक!

साहेबांनी इसाकभाईकडे पाहिलं. इसाकभाई आढ्याकडे बघत होता.

तात्या ताडकन उठले. "आरं तिच्या! सा म्हयनं माती हुंगत फिरलं, आन् यंतर बोललं कुनाला बघून? माझ्या पोरीला! बोलवा भटजीला!"