विमानाचं नाव, सुनेचं नाव

वाशी गावच्या अंबादास मास्तरांची मुलगी शामला लग्न होऊन तुळजापूरला आली, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. तिचे सासरे नारायणराव तहसील कचेरीत कारकून होते. उभा जन्म उर्दूत लिहिण्यात गेला आणि आता पन्नाशीत ते मराठीत टिपणं लिहायला शिकत होते. घरात बोलणं कमी, शिस्त जास्त. सासूबाई सिताबाई मात्र दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत असायच्या. माणूस नसेल तर म्हशीशी.

घरात पाऊल टाकलं त्याच संध्याकाळी तबकात तांदूळ पसरले. शामलाच्या नवऱ्यानं, गोपाळकृष्णानं, अंगठीनं त्यात नाव लिहिलं : चंद्रप्रभा. नाव सिताबाईंनी निवडलं होतं. शामलानं ते वाचलं, मान खाली घातली, आणि सगळ्यांना साखर वाटली गेली.

पण कानांना कोण समजावणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माजघरात तूर निवडत बसली होती. परसातून सिताबाईंनी हाक दिली, "चंद्रप्रभा, दूध बघ गं!" शामला निवांत तूर निवडत राहिली. दूध उतू जाऊन चूल विझली तेव्हा सासूबाई धावत आल्या.

"बहिरी हायस का गं?"

"न्हाय, आत्याबाई. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली."

धाकटा दीर उत्तरेश्वर तेव्हा शाळेत होता. तो हसून हसून ओट्यावरनं खाली पडायचा राहिला. सिताबाईंनाही हसू आलं. त्या दिवसानंतर मात्र ती चंद्रप्रभा या हाकेला ओ देऊ लागली, आणि वर्षभरात ते नाव अंगवळणी पडलं.

गोपाळकृष्ण हैदराबादला बेगमपेठच्या विमानतळावर कामाला होता. मॅट्रिक झाला, कारकुनी मिळेना. पण त्याचं अक्षर असं की गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यानंच रंगवलेल्या. त्याच अक्षरावर त्याला विमानांच्या कारखान्यात रंगाऱ्याची नोकरी लागली. नारायणराव कुणी विचारलं तर म्हणत, "पोरगा विमान खात्यात आहे." त्यापुढं ते काही सांगत नसत.

दोन वर्षांनी खोली मिळाली तसं त्यानं चंद्रप्रभाला हैदराबादला नेलं. खोली विमानतळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी ती फाटकाशी डबा घेऊन जायची. फाटकावरचा पहारेकरी वीरप्पा आळंदकडचा, कानडी हेलात मराठी बोलणारा. तिच्याशी गावाकडच्या गप्पा मारायचा. एकदा साहेब लोक कुठं बाहेर गेले होते, तेव्हा त्यानंच तिला आत सोडलं. "बघून या अक्का, तुमचे मालक काय करतात ते."

मोठ्या पत्र्याच्या छपराखाली एक विमान उभं होतं. इतक्या जवळून तिनं विमान पहिल्यांदाच पाहिलं. पोटाशी रंग खरवडून काढलेला, आणि गोपाळकृष्ण शिडीवर बसून पॉलिश कागदानं घासत होता. खरवडलेल्या जागी एका रंगाखाली दुसरा रंग दिसत होता. त्याखाली पांढऱ्या चांदणीचं एक टोक.

"हे काय हो?"

"लढाईतलं विमान आहे. आधी अमेरिकेचं होतं, ही त्यांची चांदणी. मग आपल्या लष्कराकडं आलं. आता लष्करानं ते कंपनीला दिलंय, म्हणून जुनं सगळं पुसायचं आणि नवीन अक्षरं घालायची."

त्यानं खाली उतरून तिला सगळं नीट सांगितलं. कामाबद्दल कुणी विचारलंय, याचाच त्याला आनंद झाला असावा. लष्कराच्या विमानावर केशरी, पांढरा, हिरवा असा गोल असतो आणि त्यांचा त्यांचा नंबर. तो लष्करच देतं. प्रवाशांच्या विमानांना दिल्लीचं ऑफिस अक्षरं देतं. सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय की कुठल्या देशानं कुठल्या अक्षरानं सुरुवात करायची. आपल्याकडं व्ही आणि टी. मग एक आडवी रेघ, आणि पुढं तीन अक्षरं त्या विमानाची स्वतःची. एकाची दुसऱ्याला नाहीत. आभाळात कुठंही दिसलं तरी कळलं पाहिजे, हे कुणाकडचं आणि कोण.

"व्हीटीच का?"

"इंग्रजांच्या वेळेस मिळालं. लोक म्हणतात, व्ही म्हणजे व्हाइसरॉय. खरं-खोटं कुणाला ठाऊक? निजामाचं नाणं वेगळं होतं, टपालाचं तिकीट वेगळं होतं, रेल्वेसुद्धा त्याची. पण इथल्या विमानांवर तेव्हाही व्हीटीच असायचं."

अक्षरं साधी हवीत, शेपट्या-वेलांट्या चालत नाहीत, हे त्याला सुरुवातीला फार जड गेलं होतं. दुकानाच्या पाटीवर तो अक्षराखाली सावली काढायचा. इथं साहेबानं एकदा सगळं पुसायला लावलं होतं. दारापाशी आतल्या बाजूला एक पोलादी पट्टी होती, तिच्यावर तीच अक्षरं कोरायची होती. "ही कशाला?" असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "विमान जळालं तरी ही पट्टी राहते. मग कळतं, कुठलं होतं ते."

तिनं पट्टीवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि ह्या कंपनीनं दुसऱ्या कुणाला विकलं तर? परत सगळं खरवडायचं?"

"छे! देशातल्या देशात मालक बदलला तर अक्षरं तीच राहतात. कागदावर मालकाचं नाव तेवढं बदलतं. देशाबाहेर गेलं तर गोष्ट वेगळी, किंवा लष्करात गेलं तर."

"म्हणजे घर बदललं तरी नाव बदलत न्हाय."

ती हे सहज बोलली. डबा उघडत होती, भाकरीवरचा ठेचा सांभाळत होती. गोपाळकृष्ण हसला. जेवण झाल्यावर हात पुसत त्यानं हळूच विचारलं, "तुला शामला म्हणू का?"

तिनं बराच विचार केला. "नको. आता त्या हाकेला मीच ओ देईन का न्हाय, काय सांगावं. राहू द्या."

पुढं नारायणरावांना अर्धांगाचा झटका आला आणि चंद्रप्रभा दोन मुलांना घेऊन तुळजापूरला परतली. गोपाळकृष्ण नवरात्रात आणि दिवाळीला यायचा. सासऱ्यांची सेवा, मुलांच्या शाळा, म्हैस, दळण-कांडण यांत वर्षं गेली. नारायणराव गेले. उत्तरेश्वर शिकून मास्तर झाला आणि त्याला ईट गावच्या शाळेत नेमणूक मिळाली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी सोनारीच्या तलाठ्याची, नाव शारदा.

वरात घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. गोपाळकृष्णाला रजा मिळाली नव्हती, म्हणून थोरली जाऊ म्हणून सगळं चंद्रप्रभाच बघत होती. माजघरात ती तबकात तांदूळ पसरत होती आणि सिताबाई सुपारी कातरत होत्या.

"नाव काय ठेवायचं ठरवलंय, आत्याबाई?"

"कमल. देवीला कमळ चालतं."

चंद्रप्रभाचा हात तांदळात थांबला. इतक्या वर्षांत ती सासूबाईंना उलट शब्द बोलली नव्हती.

"आत्याबाई, एक विचारू? तिचं हाय तेच राहू दिलं तर?"

"का गं?"

मग तिनं विमानाचंच सांगितलं : अक्षरं कशी मिळतात, मालक बदलला तरी ती कशी राहतात. सिताबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "इमानाचं आणि सुनेचं काय एक असतंय?" त्या म्हणाल्या; पण रागानं नाही. सुपारी बाजूला सारून त्यांनी विचारलं,

"माझं माहेरचं नाव ठाव हाय तुला?"

चंद्रप्रभाला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"कडू. माझ्या अगोदरची चार लेकरं गेली, म्हणून आजीनं ठेवलं. दृष्ट लागू नये म्हणून. गावातली पोरं चिडवायची, कडू कारलं, कडू कारलं. तुझ्या सासऱ्यांनी तांदळात सीता लिहिलं ना, मला लई बरं वाटलं बघ. रडलेच मी. लोकांना वाटलं, माहेरच्या आठवणीनं रडतीय." त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. "म्हणून मला वाटायचं, सगळ्यांनाच बरं वाटत असंल. तुला वाटलं न्हाय का?"

"मला माझं आवडायचं, आत्याबाई."

"मग बोलली न्हाईस कधी."

"कुणी विचारलं न्हाय."

बाहेर उपाध्ये घाई करत होते. सिताबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत बाहेर आल्या आणि शेल्यात गुंडाळलेल्या नव्या मुलीपुढं बसल्या.

"पोरी, खरं सांग. लाजू नको. तुला नवं नाव पायजे, का हाय तेच बरं हाय?"

मुलगी घाबरली. तिनं आईला शोधत इकडंतिकडं बघितलं, पण आई सोनारीलाच राहिली होती. मग तिनं चंद्रप्रभाकडं बघितलं. चंद्रप्रभानं मान हलवली : सांग.

"शारदाच," ती म्हणाली. एवढंच ऐकू आलं.

"रीत आहे, आजीबाई," उपाध्ये म्हणाले. "तांदळात नाव लिहावंच लागतं."

"लिहा की! कोण नको म्हणतंय? शारदा लिहा." आणि त्या उत्तरेश्वराकडं वळल्या. "अक्षर जरा बरं काढ. थोरल्यासारखं."

उत्तरेश्वरानं अंगठी धरली. शाळामास्तर असूनही पहिलं अक्षर वाकडं आलं. दोन-चार पाहुण्या बायका आपसांत कुजबुजल्या, कुणी म्हणालं आजकाल नवीनच काहीतरी. मग साखर वाटली आणि सगळे जेवायला बसले.

दोन-तीन दिवसांनी घर रिकामं झालं तेव्हा सिताबाई परसात म्हशीला चारा घालत होत्या. चंद्रप्रभा पाण्याची बादली घेऊन आली. त्या म्हणाल्या, "मी तुला शामला म्हणू का आता?"

चंद्रप्रभानं बादली ठेवली. हैदराबादला दिलेलं उत्तर तिला आठवत होतं, पण या वेळेस ते तसंच तोंडातून निघेना. "तुम्ही म्हणा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला नको."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती मुलांना घेऊन नवऱ्याकडं गेली. शारदा उत्तरेश्वराबरोबर ईटला गेली, आणि तिथं सगळं गाव तिला मास्तरीणबाईच म्हणू लागलं. नावानं हाक मारणारा एकटा उत्तरेश्वर, आणि तोही चारचौघांत नाही. पण सणासुदीला ती तुळजापूरच्या एस.टी.तून उतरून गल्लीत शिरली, की सिताबाई उंबऱ्यातूनच मोठ्यानं ओरडायच्या, "शारदे, आलीस का गं?" आणि शेजारपाजारच्या चार बायका दारात येऊन बघायच्या, कोण आलं ते.