आकडा ऐकला की

अमेरिकन फुटबॉलमध्ये मी लाइनमन होतो. म्हणजे नेमकं काय, हे लंडनमधल्या आमच्या स्टॅनमोरच्या मराठी मंडळींना सांगून सांगून मी थकलो. चेंडूला हात लावायचा नाही. समोरच्या धिप्पाड गड्याला अंगावर घ्यायचं आणि आपल्या चेंडूवाल्याला वाचवायचं, बस. "एवढ्यासाठी अमेरिकेत गेलास?" एका काकूंनी विचारलं होतं.

एवढ्यासाठीच गेलो होतो, आणि पोटापाण्याचं ते काम चोख करत होतो. एक हात जमिनीवर टेकून वाकायचं आणि ज्यावर खेळ सुरू होणार त्या ठरलेल्या आकड्याची वाट बघायची. आमचा बहुधा दोन असायचा. मैदानावर आकडे इंग्रजीत ओरडायचे, मी मनात मराठीत मोजायचो. आईने तसंच शिकवलं होतं. दोन म्हटलं की अंग आपोआप सुटायचं आणि डोक्यावर डोकं आदळायचं. खेळ सोडून घरी आलो, शाळेत पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण, शिकवू लागलो, तरी तो आकडा माझ्या मागे लागलेलाच. ट्यूब ट्रेनमध्ये कुणी मोजायला लागलं की मांड्या ताठ व्हायच्या. मला भीती वाटायची, पण सांगणार कुणाला?

मागच्या वर्षी घरच्या गणपतीची आरती झाली आणि मी आईच्या पाया पडायला वाकलो. गुडघा दुखतो म्हणून एक हात जमिनीवर टेकला. तेवढ्यात मागून पोरांनी आरोळी ठोकली, "एक दोन तीन चार, गणपतीचा जयजयकार!"

पुढचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा आई भिंतीलगतच्या रेडिएटरपाशी पडली होती, आणि माझे दोन्ही हात अजून पुढे ताणलेले होते.

तिचं मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "तू गप्प बस हं." आणि नर्सकडे वळून, "आय जस्ट स्लिप्ड, डिअर. साडी पायात आली." अंगाने माझ्या निम्मीही नसलेली बाई मला वाचवत होती, याचा मला संताप आला. नंतर माझ्या डोक्याचे स्कॅन झाले. ठाम काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा आरती झाल्यावर आईने पोरांना बागेत पिटाळलं. मग खुर्चीत बसून म्हणाली, "ये रे, पाया पड. काही होत नाही."

मी सावकाश वाकलो, हात टेकला. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. माझी बोटं तिच्या पायांना लागली मात्र, तिने दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.